आबाळीचे महिने : रोमानियातील दत्तक मुलांच्या अभ्यासाने काय दाखवले

रोमानियात तीन वर्षांखालील मुलांच्या सरकारी संस्थेला ‘ल्यागन’ म्हणत. या शब्दाचा अर्थ पाळणा. आपल्याकडे पाळणा म्हटले की बारसे, दोरी ओढणारी आजी आणि तिचे गाणे डोळ्यांसमोर येते. या रोमानियन पाळण्यांतली मुले मात्र जवळजवळ सगळा दिवस कठडे असलेल्या खाटांत पडून असत. त्यांना पातळ पेजेसारखे अन्न मोठ्या भोकाच्या बुचाच्या बाटलीतून मिळे आणि पुष्कळदा ती बाटली कुणी हातात धरलेली नसे, नुसती टेकवून ठेवलेली असे. अंघोळ म्हणजे नळीने मारलेले थंड पाणी. खेळणी नव्हतीच म्हटले तरी चालेल, आणि सांभाळणाऱ्या बायका मुलांशी फारसे बोलत नसत. रडले तरी कुणी येत नाही हे कळलेली मुले हळूहळू रडेनाशी होत.

मराठीत या अवस्थेला नेमका शब्द आहे : आबाळ. ‘मुलाची आबाळ झाली’ असे आपण म्हणतो तेव्हा त्यात उपासमार येते, अस्वच्छता येते, आणि त्याहून अधिक म्हणजे कुणाचेच लक्ष नसणे येते. या आबाळीचा ठसा मूल चांगल्या घरी दत्तक गेल्यावर किती राहतो, कोणत्या गोष्टींवर राहतो आणि किती काळ राहतो, या प्रश्नाचे आज उपलब्ध असलेले सर्वांत भक्कम उत्तर रोमानियाच्या मुलांनी दिले आहे. ते देण्यासाठी त्यांना जे भोगावे लागले, ते कोणत्याही मुलाला भोगावे लागू नये.

एवढी मुले संस्थांत आली कशी, हे आधी समजून घ्यावे लागेल. १९६६ साली निकोलाय चाउशेस्कूच्या कम्युनिस्ट सरकारने देशाची लोकसंख्या वाढवण्यासाठी गर्भपातावर जवळजवळ पूर्ण बंदी घातली. पुढच्याच वर्षी जन्मांची संख्या जवळपास दुप्पट झाली. १९८० च्या दशकात परदेशी कर्ज फेडण्याच्या हट्टापायी अन्न, वीज आणि इंधन यांची तीव्र टंचाई झाली. ज्यांना मूल पोसणे अशक्य झाले, त्यांना ते सरकारच्या स्वाधीन करण्याचा मार्ग दाखवला गेला आणि सरकार मुलाला आईबापांपेक्षा चांगले वाढवील असे सांगितलेही गेले. डिसेंबर १९८९ मध्ये राजवट कोसळली तेव्हा एक लाखाहून अधिक मुले संस्थांत होती. दूरचित्रवाणीवर ती दृश्ये पाहून पश्चिमेकडील देशांतली हजारो कुटुंबे रोमानियात पोहोचली आणि मुले दत्तक घेऊन परतली.

ब्रिटनमध्ये आलेल्या या मुलांपैकी १६५ जणांचा अभ्यास बालमनोविकारतज्ज्ञ मायकेल रटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाती घेतला. मुले ४, ६, ११ आणि १५ वर्षांची असताना आणि नंतर विशीतली झाल्यावर त्यांची पुन्हा पुन्हा पाहणी झाली. तुलनेसाठी ब्रिटनमध्येच जन्मलेली आणि सहा महिन्यांच्या आत दत्तक गेलेली ५२ मुले घेण्यात आली. त्यामुळे दोन्ही बाजूंना दत्तक मुलेच होती, फरक होता तो आबाळीचा.

या अभ्यासाचे मोल कशात आहे, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. दत्तक मुलांविषयीच्या साध्या पाहण्यांत एक अडचण नेहमी येते : जे मूल उशिरा दत्तक जाते, ते उशिरा का जाते? कदाचित ते आजारी असेल, कदाचित त्याची वाढ मंद असेल, म्हणून आधीच्या पालकांनी त्याला निवडले नसेल. मग पुढे त्याला अडचणी आल्या तर त्या संस्थेतल्या काळामुळे आल्या की मुळातच होत्या, हे सांगता येत नाही. रोमानियात ही गुंतागुंत बरीचशी सुटली. बहुतेक मुले जन्मानंतर काही आठवड्यांतच संस्थेत आली होती, तीही मुख्यतः गरिबीमुळे. राजवट पडेपर्यंत तिथून बाहेर पडणे जवळजवळ अशक्य होते. म्हणजे एखादे मूल चार महिने आबाळीत राहिले की तीन वर्षे, हे त्याच्या बुद्धीवर किंवा रूपावर ठरले नाही. दारे उघडली त्या दिवशी त्याचे वय किती होते, यावर ते ठरले.

म्हणूनच आपल्याकडे दत्तक मुलांविषयी दबक्या आवाजात बोलले जाणारे ‘कुणाचे रक्त आहे कोण जाणे’ हे वाक्य इथे टिकत नाही. लवकर सुटलेली आणि उशिरा सुटलेली मुले एकाच परिस्थितीतल्या, एकाच प्रकारच्या कुटुंबांतून आली होती. तरी त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या, आणि त्या वेगळ्या करणारी गोष्ट संस्थेत गेलेले महिने ही होती.

मुले ब्रिटनमध्ये आली तेव्हा त्यांची स्थिती फार वाईट होती. समान वयाच्या शंभर मुलांची वजनानुसार रांग लावली तर सर्वांत हलक्या तिघांमध्ये मोडावे, इतके कमी वजन निम्म्याहून अधिक मुलांचे होते. अनेकांची सर्वांगीण वाढ गंभीर मतिमंदत्व वाटावे इतकी मागे होती. पुढच्या दोन-तीन वर्षांत जे घडले ते पाहून संशोधकही चकित झाले. चार वर्षांच्या वयापर्यंत बहुतेकांची उंची आणि वजन वयाला साजेसे झाले, बोलणे सुरू झाले, बुद्धीच्या चाचण्यांत मोठी झेप दिसली. डोक्याचा घेर मात्र मागे राहिला. चांगले घर मिळाले की मूल किती भरून निघते, याचा हा पुरावा आहे आणि तो लहान नाही. दत्तक घेण्याने मुलाच्या आयुष्यात जेवढा बदल होतो, तेवढा दुसऱ्या कोणत्याही उपायाने होत असल्याचे निदान मला तरी ठाऊक नाही.

मात्र सगळेच भरून निघाले नाही, आणि कुणाचे भरून निघाले नाही याची एक स्पष्ट रेघ दिसली. ती सहा महिन्यांवर होती. सहा महिन्यांहून कमी काळ संस्थेत राहिलेली मुले पुढे प्रत्येक पाहणीत ब्रिटिश दत्तक मुलांसारखीच निघाली. सहा महिन्यांहून अधिक काळ राहिलेल्यांत अडचणींचे प्रमाण एकदम वाढलेले होते. महिन्यागणिक थोडे थोडे बिघडत जावे तसा हा चढ नव्हता. पायरी चढावी तसा होता. अर्थात ही पायरी त्या संस्थांतल्या टोकाच्या परिस्थितीत सापडलेली आहे. सहा महिने उलटलेल्या प्रत्येक मुलाचे भविष्य ठरून गेले, असा तिचा अर्थ मुळीच होत नाही.

या अडचणी कोणत्या होत्या, तेही लक्षपूर्वक पाहावे लागेल, कारण त्या सर्वसाधारण ‘बिघडलेल्या मुला’च्या नव्हत्या. चार गोष्टी वारंवार आढळल्या : बुद्धीच्या वाढीतला मागासपणा, लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता, स्वमग्नतेसारखी (ऑटिझमसारखी) लक्षणे, आणि अनोळखी माणसांशी बेछूट सलगी. स्वमग्नतेसारखी लक्षणे सुमारे दहांतल्या एका मुलात दिसली. एखाद्या वासाचा किंवा स्पर्शाचा विलक्षण छंद, एकाच विषयाची ओढ, गप्पांत देवाणघेवाण न जमणे अशी ही लक्षणे होती. तरीही नेहमीच्या स्वमग्न मुलांहून ही मुले वेगळी होती, कारण त्यांना माणसांत रस होता आणि चार ते सहा या वयात त्यांची लक्षणे पुष्कळ सौम्य झाली.

बेछूट सलगीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडे ती ओळखली जाण्याऐवजी तिचे कौतुक होण्याची शक्यता अधिक आहे. घरी नवे मूल आले, पाहुणे जमले, आणि मूल कुणाच्याही कडेवर हसत गेले, तर सगळे म्हणतात, ‘किती माणसाळलेले आहे, जरासुद्धा कुरकुर नाही!’ परंतु आठ-नऊ महिन्यांचे किंवा त्याहून मोठे मूल अनोळखी माणसाला पाहून आईचा पदर घट्ट धरते, तेव्हा ते खरे तर सांगत असते की या जगात माझे एक माणूस आहे आणि बाकीचे ते नाहीत. ज्याच्या वाट्याला असे एक माणूस कधी आलेच नाही, त्याला हा भेद करण्याचे कारणच पडत नाही. असे मूल बाजारात कुणाचेही बोट धरून निघून जाते, पहिल्या भेटीत खासगी प्रश्न विचारते, मागे वळून आईकडे पाहत नाही. हा स्वभावाचा मोकळेपणा नाही, आणि नव्या आईवर माया नाही असाही त्याचा अर्थ नाही. रोमानियाच्या कित्येक मुलांचे दत्तक पालकांशी प्रेमाचे नाते जुळले आणि तरीही ही सवय उरली.

असे का व्हावे? तान्ह्या मुलाचा मेंदू जन्मतः पूर्ण जुळवलेला नसतो. पेशींमधले दुवे सुरुवातीच्या काळात प्रचंड संख्येने तयार होतात आणि वापरात येणारे टिकतात, न वापरलेले गळून जातात. कोणते टिकवायचे हे ठरवण्यासाठी मेंदू काही अनुभव गृहीत धरून चालतो : प्रकाश असेल, आवाज असतील, आणि एक माणूस असेल. जन्मजात मोतीबिंदू असलेल्या बाळाची शस्त्रक्रिया फार उशिरा झाली तर डोळा स्वच्छ होऊनही दृष्टी पुरती येत नाही, कारण पाहायला शिकण्याच्या काळात मेंदूपर्यंत चित्रच पोहोचलेले नसते. माणसाच्या सहवासाचेही काहीसे असेच आहे. बाळ हुंकार देते, आई ओ देते. बाळ रडते, कुणीतरी उचलते. बाळ हसते, समोरचा चेहरा हसतो. दिवसातून शेकडो वेळा होणाऱ्या या साध्या देवघेवीतून भाषा, लक्ष एकवटणे, भीती आवरणे आणि माणसावर विसंबणे या सगळ्यांचा पाया पडतो. संस्थेतल्या मुलाच्या हाकेला ओ मिळत नव्हती.

हे सारे कुपोषणामुळेच झाले असेल, असे कुणालाही वाटेल. उपासमारीचा वाटा होताच, डोक्याच्या वाढीवर तो दिसतोही. पण ज्या मुलांचे वजन संस्थेतून बाहेर पडताना बरे होते, त्यांच्यातही दीर्घ वास्तव्याचे परिणाम आढळले. म्हणजे पोट भरणे पुरेसे नव्हते. त्याखेरीज सततच्या ताणाचाही भाग असतो. ताणाच्या वेळी शरीरात कॉर्टिसोल नावाचे संप्रेरक स्रवते, आणि घाबरलेल्या बाळाला कुणी जवळ घेतले की ही यंत्रणा शांत होते. जवळ घेणारे कुणीच नसेल तर तिची घडीच बिघडते. संस्थांत वाढलेल्या अनेक मुलांत ती पुढेही वेगळ्या रीतीने चालताना दिसली आहे.

२०१७ साली ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात ही मुले तरुण झाल्यानंतरचे निष्कर्ष आले, आणि माझ्या मते सर्वांत विचार करायला लावणारा भाग तोच आहे. बुद्धीच्या चाचण्यांत ६ आणि ११ व्या वर्षी मागे असलेली मुले तरुणपणी सर्वसाधारण पातळीवर आली होती. इतक्या उशिरा इतके भरून निघेल अशी अपेक्षा कुणी केली नव्हती. याउलट लक्ष न टिकणे, सामाजिक संकेत न समजणे आणि बेछूट सलगी या गोष्टी विशीतही टिकून होत्या. शिवाय लहानपणी ज्यांच्यात चिंता किंवा उदासी फारशी दिसली नव्हती, त्यांच्यात ती पौगंडावस्थेपासून वाढत गेली. शिक्षण कमी राहणे आणि नोकरी नसणे यांचेही प्रमाण या गटात अधिक होते. त्याच वेळी सहा महिन्यांहून अधिक काळ संस्थेत काढलेल्यांपैकी साधारण पाचांतल्या एकाला कोणत्याही वयात कोणतीही नोंद घेण्याजोगी अडचण आली नाही. इतक्या आबाळीतून ही मुले अशी सहीसलामत कशी आली, हे कोडे पूर्ण सुटलेले नाही.

तीन वर्षांनी, २०२० साली, याच अभ्यासातल्या ६७ रोमानियन तरुणांचे आणि तुलनेसाठी २१ ब्रिटिश दत्तक तरुणांचे मेंदूचे स्कॅन प्रसिद्ध झाले. रोमानियन गटाच्या मेंदूचे आकारमान सरासरी ८.६ टक्क्यांनी कमी होते. इथे मात्र पायरी नव्हती : संस्थेतल्या प्रत्येक जादा महिन्यामागे सुमारे ३ घनसेंटिमीटर घट असा सरळ उतार होता. दोन दशके प्रेमळ घरात काढल्यानंतरही पहिल्या काही महिन्यांची ही खूण पुसली गेली नव्हती. या आकड्यावरून एखाद्या व्यक्तीची कुवत जोखू नये, हेही लगेच सांगायला हवे. सरासरी ही गटाची असते, माणसाची नसते.

एवढे होऊनही एक शंका उरते. संस्थेतून लवकर काढले तर खरेच फरक पडतो का, हे काटेकोर तुलनेने कुणी तपासले होते का? ते काम रोमानियाच्या राजधानीत, बुखारेस्टमध्ये, २००० साली सुरू झालेल्या प्रकल्पाने केले. चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना या अमेरिकी संशोधकांनी संस्थांतली ६ ते ३१ महिन्यांची १३६ मुले घेतली आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची दोन गटांत विभागणी केली. ६८ मुलांसाठी प्रशिक्षित प्रतिपालक कुटुंबे, म्हणजे दत्तक न घेता मूल आपल्या घरी सांभाळणारी कुटुंबे, उभी केली आणि ६८ मुलांची व्यवस्था पूर्वीप्रमाणेच चालू राहिली. हे वाचताना मन अस्वस्थ होते, आणि व्हायलाच हवे. त्या वेळी तिथे प्रतिपालक कुटुंबांची सरकारी व्यवस्था जवळजवळ नव्हती, प्रकल्प नसता तर सगळीच मुले संस्थेत राहिली असती, आणि दुसऱ्या गटातल्या मुलासाठी पुढे कुटुंब मिळाल्यास त्याला अडवले जाणार नव्हते, असे त्याचे समर्थन दिले जाते. ते मला पटते. तरी दुसऱ्या गटातल्या त्या मुलांचा विचार मनातून जात नाही.

साडेचार वर्षांच्या वयात संस्थेच्या गटाचा सरासरी बुद्ध्यांक ७३ होता, कुटुंबात गेलेल्यांचा ८१, आणि स्वतःच्या घरी वाढलेल्या बुखारेस्टमधल्याच मुलांचा १०९. कुटुंब लाभले ते साधारण दोन वर्षांच्या आत लाभले तर फायदा अधिक होता. अशा मुलांत सांभाळणाऱ्या व्यक्तीशी विश्वासाचे नाते अधिक वेळा जुळले, आणि आठव्या वर्षी त्यांच्या मेंदूच्या विद्युत लहरींचा आलेख घरी वाढलेल्या मुलांसारखा दिसला. लक्ष न टिकण्याच्या बाबतीत मात्र कुटुंबानेही फारसा फरक पडला नाही. रोमानियाने २००४ मध्ये कायदा करून, तीव्र अपंगत्वाचे अपवाद वगळता, दोन वर्षांखालील मुलांना संस्थेत ठेवण्यास मनाई केली.

ब्रिटनमध्ये सहा महिने आणि बुखारेस्टमध्ये दोन वर्षे, हे आकडे परस्परविरोधी वाटतील. पण मेंदूत सगळ्याच गोष्टींची मुदत एकाच दिवशी संपत नाही. भाषेची खिडकी वेगळी, नात्याची वेगळी, ताण सोसण्याची वेगळी. शिवाय दोन्ही ठिकाणची कुटुंबे आणि संस्था सारख्या नव्हत्या. दोन्ही अभ्यास एका मुद्द्यावर ठाम आहेत : लवकर म्हणजे लवकर, आणि त्यातला प्रत्येक महिना मोजला जावा.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे का ठाऊक असावे, ते इथे सांगतो. आपल्याकडच्या चांगल्या शिशुगृहांची तुलना त्या ल्यागनशी करणे अन्यायाचे होईल. पण सोडलेल्या बाळाला कायदेशीररीत्या दत्तकासाठी मुक्त घोषित करण्यास वेळ लागतो. बाल न्याय अधिनियम २०१५ नुसार दोन वर्षांपर्यंतच्या मुलाबाबत ही घोषणा दोन महिन्यांत आणि त्याहून मोठ्या मुलाबाबत चार महिन्यांत होणे अपेक्षित आहे. आईबापांचा शोध घेणे आणि त्यांना फेरविचाराची संधी देणे न्यायाचेच आहे. मात्र या मुदतीपलीकडे एखादी फाइल टेबलावर पडून राहते, तेव्हा ज्या महिन्यांविषयी हा सारा अभ्यास आहे, नेमके तेच महिने त्या बाळाच्या आयुष्यातून जात असतात. तोपर्यंत बाळ संस्थेतच असेल, तर तिथे काय करता येते हेही दिसले आहे. रशियात सेंट पीटर्सबर्गच्या बालगृहांत सांभाळणाऱ्यांना मुलांशी बोलण्या-खेळण्याचे प्रशिक्षण दिले, गट लहान केले आणि रोज त्याच त्याच व्यक्ती मुलांजवळ राहतील अशी आखणी केली. त्यानंतर मुलांची शारीरिक आणि मानसिक वाढ स्पष्टपणे सुधारली. आपल्या शिशुगृहातल्या मावशींची पाळी ठरवताना, अमुक बाळ अमुक मावशीचे, एवढे पाळले तरी त्या बाळाला ‘माझे माणूस’ मिळते.

ज्यांच्या घरी असे मूल आले आहे, त्यांनी मूल संस्थेत किती काळ होते, कुणी सांभाळले आणि कसे सांभाळले, हे विचारून लिहून ठेवावे. बालरोगतज्ज्ञाला आणि पुढे शाळेलाही त्याचा उपयोग होतो. पहिले काही महिने भरवणे, झोपवणे, न्हाऊ घालणे शक्यतो एक-दोन माणसांनीच करावे, आणि पाहुण्यांनी मूल आलटून पालटून कडेवर घेण्याचा सोहळा पुढे ढकलावा. नातेवाईक थोडे रुसतील, रुसू द्यावे. मूल वर्गात दहा मिनिटेही एका जागी बसत नसेल, तर ते शिस्तीच्या अभावामुळे आहे असे धरून चालू नये. बारा-तेराव्या वर्षी ते एकाएकी खिन्न राहू लागले, तर ‘वय आहे, जाईल’ असे म्हणण्याआधी समुपदेशकाला भेटावे, कारण या मुलांत अशा गोष्टी उशिरा वर येतात हे आता ठाऊक आहे.

आणि आपण कुठे कमी पडलो, असे ज्या आईला रात्री वाटते, तिच्यासाठी या अभ्यासातली एक गोष्ट मुद्दाम शेवटी ठेवली होती. ब्रिटनमधली ती दत्तक घरे बहुतेक सगळीच स्थिर आणि आपुलकीची होती. कोणत्या मुलाच्या अडचणी टिकल्या आणि कोणाच्या टिकल्या नाहीत, याचे उत्तर संशोधकांनी त्या घरांमधल्या फरकांत शोधले. ते तिथे सापडले नाही. ते सापडले मूल घरी येण्याआधीच्या महिन्यांत, जेव्हा ती आई तिथे नव्हती.